पेऱ्याची नोंद आणि चावडीचा फळा

ऑगस्ट उजाडला की नेवासे, शेवगाव, पाथर्डीच्या शिवारात बांधाबांधावर मोबाइल धरून उभी असलेली माणसं दिसू लागतात. कपाशीला पाती लागलेली असते, बाजरी निसवायच्या बेतात असते, खुरपणीला बाया लावलेल्या असतात, आणि घरातला शिकलेला मुलगा किंवा सून पिकात शिरून फोटो काढत असते. गटाच्या हद्दीपासून पन्नास मीटरच्या आत उभं राहून काढलेला फोटोच ॲप स्वीकारतं. कधी रेंज नसते, कधी नकाशातला गट आणि पायाखालचा गट जुळत नाही, तर कधी तीन वेळा भरलेली माहिती चौथ्यांदा भरावी लागते. ही झाली ई-पीक पाहणी. पण शेतकऱ्याने सरकारदरबारी द्यायची वर्दी एवढ्यावर संपत नाही. जमिनीसाठी शेतकरी ओळख क्रमांक काढायचा. विम्याचा अर्ज वेगळा. ऊस असेल तर कारखान्याच्या गट ऑफिसात लागणीची नोंद, कालव्याचं पाणी हवं असेल तर नमुना नंबर सातचा अर्ज, गाय असेल तर तिच्या कानात बारा अंकी बिल्ला, आणि कापूस हमीभावाने घालायचा असेल तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर आणखी एक नोंदणी.

महाराष्ट्रातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा हा नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. अकोले तालुक्यातल्या भातखाचरांपासून जामखेडच्या ज्वारीपर्यंत आणि प्रवरेच्या उसापासून पारनेरच्या वाटाण्यापर्यंत सगळ्या तऱ्हेची शेती इथे आहे. त्यामुळे शेतीच्या नोंदींचा प्रश्न समजून घ्यायला याहून चांगला जिल्हा शोधून सापडणार नाही. शेतकऱ्याने नोंद करावी का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. करावीच. प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. गावाने वर पाठवलेल्या या माहितीच्या बदल्यात गावाला काय कळतं, कधी कळतं आणि चूक निघाली तर ती कोणासमोर दुरुस्त होते?

कागदाशी या जिल्ह्याचं नातं जुनं आणि कडू आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. लोकांचा रोख पैशाअडक्यापेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकून घेतले आणि चौकात जाळले. निरक्षर माणसाच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय हे त्यालाच ठाऊक नव्हतं, हे त्या रागाचं मूळ. सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जमुक्तीचा कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्यात होते. या कायद्यातली एक तरतूद आज विसरली गेली आहे: शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावपातळीवरच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला गेला पाहिजे, अशी अट होती. म्हणजे नोंद गावाजवळ आणि माणसांसमोर व्हावी, हा विचार दीडशे वर्षांपूर्वी याच मातीत सुचलेला आहे. पुढे १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा आला आणि आजच्या सातबाऱ्याचा पाया पडला.

सातबारा हा एक कागद वाटतो, पण ते दोन नमुने आहेत. गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो, नमुना बारा तिच्यात काय पेरलं हे सांगतो. सात सावकाश बदलतो, पिढीगणिक. बारा दर हंगामाला नव्याने लिहावा लागतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आणि १९७१ च्या नियमांनी या दोन्हींची रीत घालून दिली. हक्कात बदल झाला तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं. तलाठ्याने फेरफार नोंदवहीत टाचण घालून त्याची प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. पीक पाहणीसाठी तर आणखी सुंदर तरतूद आहे. तलाठ्याने शिवारात कोणत्या दिवशी येणार हे निदान सात दिवस आधी गावाला कळवायचं आणि त्या दिवशी शेतकरी, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य यांना हजर राहायला सांगायचं. कोतवाल दवंडी देणार, गाव जमणार, आणि पाटलाच्या मळ्यात ऊस उभा असताना कागदावर बाजरी लिहिली जात असेल तर चार माणसं तिथेच बोलणार.

प्रत्यक्षात असं क्वचित होई. एका तलाठ्याकडे चार-चार गावं, पाहणी चावडीत बसून, मागच्या वर्षीचा पेरा पुढच्या वर्षी तसाच उतरवलेला. तलाठी भाऊसाहेब गावात येतील तेव्हा त्यांना गाठून 'एवढी तूर लावा' म्हणायचं, अशीच बहुतेकांची पीक पाहणी. विहीर कोरडी पडून दहा वर्षं झाली तरी बाराच्या उताऱ्यावर सिंचनाचं साधन म्हणून ती वाहतच असे. म्हणून जुन्या पद्धतीचे गोडवे गायची माझी इच्छा नाही. पण तिचा नियम तरी बरोबर होता. पाहणी ही गावाने मिळून, उघड्यावर करायची गोष्ट आहे, असं तो नियम मानत होता.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' अशी घोषणा होती. तेव्हा महसूल खातं संगमनेरच्या बाळासाहेब थोरातांकडे होतं आणि पुढच्या सरकारात ते लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडे आलं. सातबाऱ्याचं खातं जवळजवळ पाच वर्षं याच जिल्ह्याच्या मंत्र्यांकडे राहिलं. कल्पना खरोखर मोठी होती. ज्याने पेरलं त्यानेच लिहावं, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि तलाठ्याने त्यातल्या दहा टक्के नोंदी फक्त तपासाव्यात. पहिल्या काही हंगामांत ज्यांनी नीट नोंद केली त्यांना आपल्या उताऱ्यावर खरं पीक पहिल्यांदाच दिसलं. कांद्याच्या वाफ्याकडेच्या मेथीपासून बांधावरच्या आंब्यापर्यंत लिहायची सोय होती. निर्भेळ की मिश्र, पाणी विहिरीचं की कालव्याचं, कायम पड की चालू पड, हे सगळं शेतकऱ्याने स्वतः ठरवायचं. चूक झाली तर अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्ती. २०२४ च्या रब्बीपासून केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेची नवी आवृत्ती आली, पन्नास मीटरची अट आली, आणि शेतकऱ्याची मुदत संपल्यावर उरलेले गट पूर्ण करायला गावोगावी सहायक नेमले गेले.

यात हरवलं ते सात दिवस आधीच्या सूचनेचं आणि सरपंचासमोरच्या फेरीचं साधन. आज नोंद एकट्याने होते. मी माझ्या गटात उभा, शेजारी त्याच्या गटात उभा, आणि त्याच्या उताऱ्यावर काय चढलं हे मला कळायचं कारण नाही, माझ्यावर काय चढलं हे त्याला. ॲपमध्ये गावाची पीक पाहणी बघायची सोय आहे, तशी 'आपली चावडी' नावाच्या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीसही दिसते. पण मारुतीच्या पारावर बसणाऱ्या माणसाच्या नजरेला जे आपोआप पडतं ते वेगळं, आणि गट नंबर टाकून शोधावं लागतं ते वेगळं. चावडीच्या फळ्यावरचा कागद ज्याचं काम नाही त्यालाही दिसतो आणि तोच जाऊन सांगतो, 'अरे, तुझ्या चुलत्याने फेर टाकलाय.' संकेतस्थळावर शोधायला आधी संशय यावा लागतो.

नोंदीला किंमत किती आहे हे कांद्याने शिकवलं. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कांद्याचे भाव कोसळले. घोडेगाव, वांबोरी, नगर, पारनेर, सगळीकडे गोणी भरून आणायचं भाडंही निघेना. सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान जाहीर केलं. अट होती सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची. हिशोबपट्टी हातात, कांदा विकलेला, आडत्याचा शिक्का आहे, पण उताऱ्यावर कांदा नाही, असे असंख्य लोक निघाले. का नसावा? कांद्याचं वेळापत्रक ॲपच्या वेळापत्रकाशी जुळत नाही हे एक मोठं कारण. खरीप पाहणीची शेतकऱ्यांसाठीची मुदत साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते आणि बहुतेक वर्षी वाढवावी लागते. रांगडा कांदा, म्हणजे लेट खरीप, लावला जातो सप्टेंबरनंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. खरिपाची पाहणी झाली तेव्हा त्या रानात मूग किंवा बाजरी होती. रब्बीची पाहणी डिसेंबरात उघडते तेव्हा तो कांदा उभा असतो, पण शेतकऱ्याच्या डोक्यात रब्बी म्हणजे गहू, हरभरा आणि गावरान कांदा. शेवटी गावपातळीवर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांच्या समितीने पडताळणी करावी असा मार्ग काढला गेला. म्हणजे ॲपने जे सोडून दिलं होतं, गावातल्या माणसांनी शिवाराकडे बघून 'होय, याने कांदा केला होता' असं सांगणं, तिथेच सरकार परत आलं. पुढच्याच वर्षी २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देताना पुन्हा ई-पीक पाहणीचीच अट आली आणि पुन्हा तिच्यातून सुटलेल्यांसाठी तलाठ्याच्या नोंदी बघाव्या लागल्या.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार लागते. प्रत्येक तालुक्यात किती कांदा उभा आहे हे पाहणी नीट झाली तर जानेवारीतच सरकारच्या हाती असतं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी घालताना देशातल्या पुरवठ्याचा काहीतरी हिशोब मांडलाच असेल. तोच हिशोब राहुरीच्या किंवा श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला रोपं टाकायच्या आधी मिळाला असता तर? गेल्या वर्षी या दिवसांत तालुक्यात किती कांदा होता, यंदा रोपवाटिकांत किती बी गेलं, शेजारच्या जिल्ह्यात लागवड किती पुढे आहे, एवढे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असते तर काही जण तरी हरभऱ्याकडे वळले असते. माहिती त्याचीच, त्याच्याच बोटांनी भरलेली. पण त्याच्या निर्णयाच्या वेळेला ती त्याच्याजवळ नसते. मुंबई-दिल्लीच्या निर्णयाच्या वेळेला मात्र ती तिथे असते.

विम्याच्या बाबतीत नोंदीची घाई आणि उत्तराचा उशीर यांचं अंतर सगळ्यांत जास्त जाणवतं. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. स्थानिक आपत्तीत नुकसान झालं तर बहात्तर तासांत कळवायचं, हा नियम गावागावांत पाठ झाला होता. पाण्यात उभं राहून, ओल्या हाताने फोटो काढून लोकांनी कळवलं. २०२३ मध्ये राज्याने शेतकऱ्याचा हप्ता एका रुपयावर आणला, अर्ज प्रचंड वाढले आणि त्यात बोगस अर्जही सापडले. नसलेल्या कांद्याचा आणि नसलेल्या फळबागेचा विमा काढलेला निघाला. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना संपली, हप्ता पुन्हा खरिपाला दोन, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के झाला, आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगात आलेल्या उत्पन्नावर बांधली गेली. बहात्तर तासांची वर्दी त्यात उरली नाही. नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरात पाथर्डी, शेवगाव, जामखेड या एरवी टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यांत नद्यांनी पात्र सोडलं, माती खरवडून नेली. मदत विम्यापेक्षा राज्याच्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमधून यायची होती आणि तिच्या वाटपाला आधार होता पंचनाम्याचा आणि नव्याने काढलेल्या शेतकरी ओळख क्रमांकाचा.

बोगस विम्याचं प्रकरण मी उगाच काढलं नाही. ज्या गावात एक गुंठा कांदा नाही तिथे शेकडो एकरांचा कांदा विम्याला चढतो, हे गावाला न कळता होऊ शकतं, कारण विमा कोणी कोणत्या गटावर काढला याची यादी गावात कुठेच लागत नाही. ती चावडीवर लागली असती तर सॅटेलाइटची गरज पडली नसती. सावड करणाऱ्या बायकांनीच सांगितलं असतं.

विम्यात 'अधिसूचित क्षेत्र' हा शब्द येतो. गावाला तो परका वाटतो, पण त्याच्यावर घर चालतं. क्षेत्र म्हणजे बहुतेक पिकांना महसूल मंडळ. मंडळात दिवसाला पासष्ट मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी, आणि पाऊस पडतो डोंगराच्या अलीकडे. पाथर्डीच्या घाटमाथ्याखालच्या गावांना हा अनुभव नवा नाही. मंडळात काल किती मिलिमीटर नोंदला गेला हे रोज सकाळी ग्रामपंचायतीच्या दारात खडूने लिहायला काय खर्च आहे? कळलं की तक्रार वेळेत होते. महिन्याभराने, भरपाई नाकारली गेल्यावर कळलं तर काही उपयोग नाही. पैसेवारीचं तसंच. नजरअंदाज, सुधारित, अंतिम अशा तीन टप्प्यांत ती जाहीर होते, पन्नास पैशांच्या खाली आली तर दुष्काळाच्या सवलती लागतात, आणि गावाला ती बहुधा वर्तमानपत्रातून, अंतिम झाल्यावर कळते.

शेतकरी ओळख क्रमांक हा या सगळ्याचा नवा पाया आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये २,८१७ कोटींच्या डिजिटल कृषी मिशनला मंजुरी दिली, महाराष्ट्रात डिसेंबरात हा क्रमांक काढायची ॲग्रिस्टॅक मोहीम सुरू झाली, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना हा क्रमांक लागू लागला. अकरा अंक, आणि त्याच्यामागे त्या माणसाचे सगळे गट. ज्याचा सातबारा स्वच्छ आहे त्याचं काम दहा मिनिटांत झालं. ज्याच्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे, ज्याच्या आधारवरचं आडनाव आणि उताऱ्यावरचं आडनाव वेगळं, ज्याचं सामाईक खातं पाच भावांत फोडायचं राहिलंय, तो केंद्रांच्या चकरा मारत राहिला. म्हणून १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर चाललेली जिवंत सातबारा मोहीम मला या साऱ्या घडामोडीत सगळ्यांत शहाणी वाटते. मयत खातेदारांची नावं शोधून वारसांची नोंद घालायची, आणि ती गावात जाऊन, चावडीवर यादी वाचून. आधी कागद जिवंत करा, मग त्याच्यावर क्रमांक टाका, हा क्रम बरोबर आहे. मोहीम मात्र क्रमांकाच्या मागून आली.

आणि काही माणसं अशी आहेत की ती कुठल्याच नोंदीत बसत नाहीत. वाटेकरी हा त्यातला सगळ्यांत मोठा वर्ग. श्रीरामपूर, राहात्याच्या बागायती पट्ट्यात निम्म्या वाट्याने रान करणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बी त्यांचं, घाम त्यांचा, रात्रीचं पाणी त्यांनी धरायचं, पण ॲपमध्ये खातेदार निवडावा लागतो आणि खातेदार मालक असतो. १९७१ च्या नियमांत मालकाशिवाय दुसरं कोणी कसत असेल तर नमुना चौदामध्ये तहसीलदाराला कळवायची तरतूद आहे. ती कोणी वापरत नाही, कारण १९४८ च्या कुळकायद्याची आठवण मालकाच्या मनात ताजी आहे. वाटेकऱ्याचं नाव एकदा कागदावर आलं की जमीन गेली, ही भीती. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये यावर तोडगा काढला. मालकाच्या संमतीने अकरा महिन्यांचं पीकहक्क कार्ड, ज्याने जमिनीवर हक्क निर्माण होत नाही पण पिकावर होतो. आपल्याकडे असं काही येईपर्यंत अतिवृष्टीची मदत मालकाच्या खात्यात जमा होणार आणि पुढचं त्याच्या मनावर.

बायकांचं म्हणाल तर शेतातलं काम त्यांचं आणि सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं, हे चित्र फारसं हललेलं नाही. पतीच्या जमिनीवर पत्नीचं नाव लावणारी लक्ष्मीमुक्ती योजना नव्वदच्या दशकापासून आहे आणि तिच्याबद्दल गावात विचारलं तर अजून नवल वाटतं. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात प्रश्न आणखी निराळा. ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांच्या जमिनी वनहक्काच्या पट्ट्यात, खाचरं उतारावर, आणि फोनला रेंज टेकडीच्या माथ्यावर. तिथे एका वाफ्यात नाचणी, वरई, खुरासणी आणि कडेला वाल-घेवडा असतो. बीजमाता म्हणून पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्यांनी जपलेल्या वाणांना जगभर मान आहे, पण अशा शेताला 'मिश्र पीक' या एका खान्यात बसवताना किती गमावलं जातं हे ॲप बनवणाऱ्याला कोणीतरी त्या उतारावर नेऊन दाखवायला हवं.

नोंद केली की समोरच्यावर जबाबदारी येते, हे कुठे दिसतं? उसात. लोणीचा प्रवरा कारखाना, आशियातल्या पहिल्या सहकारी कारखान्यांपैकी एक, १९५० च्या सुमाराला गाळप करू लागला तेव्हापासून ही रीत मुरलेली आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, वाण ८६०३२ की २६५, लागणीची तारीख कोणती, हे शेतकी खात्याचा माणूस बांधावर येऊन लिहून घेतो. त्या तारखेवरून तोडणीचा प्रोग्राम बसतो. टोळी कधी येणार, चिटबॉय कधी चिठ्ठी देणार, हे त्या नोंदीवरून मागता येतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे, नाहीतर व्याज. प्रोग्राम डावलून गेटकेन, म्हणजे बाहेरचा ऊस, आणला जातो, ओळखीच्याचा ऊस आधी तुटतो, अशा तक्रारी दर हंगामाला असतात. पण तक्रार करता येते, कारण नोंदीची पावती हातात असते आणि तिच्यावरची तारीख सगळ्या गटाला ठाऊक असते. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने उसासाठी 'महा-ऊस नोंदणी' ॲप आणलं, ते याच सवयीवर उभं राहिलं.

कालव्याच्या पाण्याचंही तसंच होतं. भंडारदरा १९२६ चं, मुळा धरण २६ टीएमसीचं, आणि आता २०२३ पासून निळवंड्याचे कालवे वाहू लागलेत. आवर्तनाआधी पाटबंधारे खातं जाहीर प्रगटन काढतं, शेतकरी पाणीमागणीचा नमुना सात भरतो, पाटकरी पाळीपत्रक लावतो. विहिरी-बोअर वाढल्यावर लोकांनी अर्ज भरणं सोडलं आणि कागदावर लाभक्षेत्र आक्रसलं. जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली राहिलं की वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, या समन्यायी वाटपाच्या वादात जेव्हा प्रत्येक टीएमसीचा हिशोब मांडला जातो तेव्हा न भरलेला अर्ज आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. हे प्रवरा-मुळा काठच्या गावांनी उशिरा ओळखलं. दुधाचं थोडक्यात सांगतो: २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान आलं तेव्हा कानातला बिल्ला आणि बँक खातं जुळण्यावर सगळं अडलं, आणि संकलन केंद्रावरच्या मुलांनी घरोघर जाऊन ते जुळवून दिलं. केंद्र गावात होतं म्हणून ते जमलं.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण तिथे मला या प्रश्नाचं उत्तर दिसतं. तिथल्या पाणलोटाची आणि पद्मश्री पोपटराव पवारांची गोष्ट सर्वांना माहीत आहे. तिच्यातला नोंदीचा भाग मात्र कमी सांगितला जातो. गावात पाऊस मोजला जातो, विहिरींची पाणीपातळी मोजली जाते, आणि पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्यायला इतकं, जनावरांना इतकं, उरलेल्यात रब्बी किती. पाऊस कमी तर गहू कमी, ज्वारी-हरभरा जास्त. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. हे आकडे भिंतीवर लिहिलेले असतात. सरकारने मागितली असती तीच माहिती, पण ती आधी गावाने स्वतःसाठी गोळा केली, सगळ्यांसमोर वाचली आणि तिच्यावर त्याच रात्री निर्णय घेतला. माहिती देणारा आणि वापरणारा एकच, आणि दोन्हींच्या मध्ये आठवडाही जात नाही. म्हणून तिथे कोणी विहिरीची पातळी खोटी सांगत नाही. सांगून फायदा कोणाला?

प्रत्येक गावाला पोपटराव मिळत नाहीत, हे मला मान्य आहे. पण आंध्रात ई-क्रॉपची कच्ची यादी गावातल्या केंद्रात लावून सामाजिक अंकेक्षण करायची पद्धत राज्याच्या यंत्रणेने बसवली. आपल्याकडेही २०१७ मध्ये सातबारा संगणकीकरण करताना चावडी वाचन झालं होतं. लोक जमले, उतारे मोठ्याने वाचले गेले आणि हजारो चुका पारावरच निघाल्या. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, कृषी सहायकाचं सहायक कृषी अधिकारी, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, कोतवालाचं महसूल सेवक. चौघं आहेत, चावडी आहे, फळा आहे.

वेळापत्रकही, बघितलं तर, जमण्यासारखं आहे. खरिपाची शेतकरीस्तरावरची मुदत सप्टेंबरात संपते आणि सहायकांचं काम पुढे ऑक्टोबरभर चालतं. मधे २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. रब्बीची मुदत जानेवारीच्या मध्याला संपते, सहायक फेब्रुवारीअखेर काम करतात, मधे २६ जानेवारीची ग्रामसभा येते. त्या दोन सभांत गटनिहाय पिकांची यादी वाचली, ज्याचा गट रिकामा निघाला त्याला सहायकाने दुसऱ्या दिवशीची वेळ दिली, विम्याची यादी तिच्याशेजारी लावली आणि तालुक्याचा कांदा किती झाला हे वर खडूने लिहिलं, तर त्याला नवा कायदा लागत नाही. १९७१ चा नियम अजून पुस्तकात आहे, आणि त्यात गावाला बोलवायचं लिहिलेलं आहे.